सोळा बाय वीस

गुदैबियाच्या गल्लीत, फिलिपिनो सलून आणि करक चहाची टपरी
यांच्या मधोमध परकारचाचांचं फ्रेमचं दुकान.
बाईंनी नळकांडं उघडून टेबलावर ओतलं.
अमेरिकन शाळेच्या जिन्यासाठी चौदा चित्रं,
सगळी सोळा बाय वीस, काळी पट्टी, पांढरा मॅट,
गुरुवारपर्यंत.

मी माणसं मापानं ओळखतो.
पहिला ओठ घट्ट मिटलेला, दात दुखत असावेत असा.
बाई म्हणाल्या, ह्याला लोक अजून बसा म्हणत होते,
हा दोन खेपांनंतर उठला आणि शेतावर गेला.
एक खेप चार वर्षांची.
म्हणजे माझे दोन करार.
माझा अकरावा चालू आहे.
बसा असं मला कोणी म्हटलेलं नाही,
उठू मात्र देत नाहीत.

मग तो उंच, गाल आत गेलेला.
एका पोरीनं पत्र लिहिलं, दाढी ठेवा, चेहरा बरा दिसेल,
तर ह्यानं ठेवली.
चाचा आपल्या मेंदीच्या दाढीवरून हात फिरवत हसले.
ह्यानंच फर्मान काढलं, बाई सांगत होत्या,
की गुलाम आता मोकळे.
मी विचारलं, त्या संध्याकाळी मळ्यात काय झालं असेल?
बऱ्याच जणांपर्यंत ते पोचलंच नाही, म्हणाल्या,
टेक्सासला पोचायला अडीच वर्षं लागली.
पोस्ट, चाचा म्हणाले, पोस्ट सगळीकडे सारखंच.

कामगाराचा पासपोर्ट मालकानं ठेवू नये
असा इथंही नियम आहे म्हणतात.
चाचांनी तिजोरीकडे पाहिलं नाही.
मीही नाही.

चाचा वाईट नाहीत. एक्याण्णवला
कुवेतच्या विहिरींचा धूर इथवर आला,
भर दुपारी दिवे लावावे लागले,
तेव्हा त्यांनी सगळ्या कामगारांना आपल्या घरी झोपवलं होतं.
हे ते स्वतःच सांगतात. पुष्कळदा सांगतात.

सातव्या चित्रात बसची खिडकी,
टोपी घातलेली बाई, मागे एक गोरा, दुसरीकडे बघत.
ऊठ म्हटलं, ही उठली नाही. एवढंच.
सित्राच्या कॅम्पवरून पहाटे चारला आमची बस निघते,
खिडक्यांना काचेऐवजी जाळी.
तिथं कोणी कोणाला ऊठ म्हणत नाही,
सगळे एकाच बाजूचे, सगळे अर्धवट झोपेत.
तरी हिचा मॅट कापताना
पट्टी दोनदा सरकली.

नवव्यात विमानाच्या आत गर्दी.
एकानं हात वर केलाय, शपथ घेतोय.
शेजारच्या बाईचा नवरा, सकाळपर्यंतचा राजा,
त्याच विमानात, मागे, पेटीत.
हे मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही.
गेल्या श्रावणात रोहिदास तसाच गेला,
सामानाच्या पावतीवर वजन लिहून, देवरुखला.
त्याच्या जागी शपथबिपथ कोणी घेतली नाही.
दुसऱ्या रात्री त्याच्या खाटेवर
सुनसरीकडचा एक नेपाळी पोरगा येऊन झोपला,
उशी तीच.

चित्रंच सगळी नव्हती. एक नुसता कागद निघाला,
टाइप केलेली एक ओळ, खाली सही.
हा कोण?
खोटं बोलला, टेपवर सापडला, सोडून गेला.
एका ओळीत?
एका ओळीत.
मी हा कागद पाच वेळा लिहिलाय, दर वेळी दोन पानं,
आईची तब्येत, मुलीची बारावी, घराचा पत्रा,
आणि शेवटी तुमचा आज्ञाधारक.

सोळा बाय वीसमध्ये तो कागद फारच लहान दिसू लागला.
चारही बाजूंना रुंद मॅट टाकावा लागला,
इतकं पांढरं की ओळ शोधावी लागे.
चाचा चष्मा वर करून म्हणाले,
काच पूस रे सदू, बोटं उमटलीत.
माझीच होती.
बावीस वर्षांत मतदानाची शाई न लागलेलं
डावं बोट त्यांतलंच एक.

पुसली.
बाईंना सांगितलं, ह्या एकाचे तीन दिनार जास्त पडतील,
मॅट फार गेला.